दोन रांगांमधील दुचाकी : सुरक्षिततेच्या दाव्याची चिकित्सा

वाहनांच्या दोन रांगांमधील फटीतून मोटारसायकल पुढे नेणे सुरक्षित आहे काय, हा वाहतूकशास्त्रातील जुना वाद आहे. या प्रथेच्या समर्थनार्थ कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली येथील अभ्यासकांनी २०१५ मध्ये सादर केलेल्या अहवालाचा आधार वारंवार घेतला जातो. हा आधार कोल्हापूरच्या रस्त्यांवर कितपत टिकतो, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

अहवालात ५,९६९ अपघातग्रस्त मोटारसायकलस्वारांची माहिती तपासली असून त्यांपैकी ९९७ जण अपघातसमयी फटीतून जात होते. यांच्यात डोक्यास इजा होण्याचे प्रमाण ९ टक्के, तर इतरांत १७ टक्के आढळले. मृत्यूचे प्रमाण अनुक्रमे १.२ व ३ टक्के होते. समर्थक येथेच थांबतात. तथापि पुढील वाहनावर जाऊन आदळण्याचे प्रमाण फटीतून जाणाऱ्यांत ३८.४ टक्के व इतरांत १५.७ टक्के होते, हा आकडा क्वचितच उद्धृत होतो. शिवाय ही सर्व माहिती अपघात झालेल्यांचीच आहे. अपघात झाल्यावर इजा किती गंभीर होते, एवढेच तीवरून कळते. अपघात किती वेळा होतो, हे कळत नाही. म्हणून ‘सुरक्षित’ हे विशेषण या अहवालातून काढणे हा अतिव्याप्तीचा दोष ठरतो.

खुद्द अभ्यासकांनी दोन अटी घातल्या आहेत : वाहतुकीचा वेग ताशी सुमारे ८० कि.मी. पेक्षा अधिक नसावा आणि दुचाकीचा वेग त्याहून सुमारे २४ कि.मी. पेक्षा जास्त नसावा. पहिली अट कोल्हापुरात आपोआप पाळली जाते. दसरा चौकात वा व्हीनस कॉर्नरला सिग्नल लाल होताच दुचाकी मोटारींमधून झिरपत थांबा-रेषेपाशी जमा होतात. तेथे मार्गिका ही रंगवलेली रेषा उरते, वाहतुकीची व्यवस्था नव्हे. मार्गिकेतच वाहन चालविण्याचा दंडक १९८९ च्या नियमावलीत होताच. (टोलसाठी या शहराने प्रदीर्घ आंदोलन केले, रेषांसाठी मात्र कोणी रस्त्यावर उतरले नाही.) थांबलेल्या वाहनांमधून संथपणे पुढे सरकण्याची ही रीत गैरसोयीची असेल, परंतु तीत जीवघेणे असे फारसे नाही.

खरी कसोटी दुसऱ्या अटीची आहे आणि ती गळीत हंगामात लागते. कसबा बावडा येथील छत्रपती राजाराम सहकारी साखर कारखान्याकडे ऊस नेणारे, दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर अत्यंत संथ चालतात. ट्रॅक्टर ताशी २० कि.मी. वेगाने जात असताना शेजारून ५० च्या वेगाने निघालेला दुचाकीस्वार अभ्यासकांनी घातलेली मर्यादा ओलांडतो. एकूण वाहतूक मंद असल्याने मात्र त्याला आपण सावध आहोत असेच वाटते. भरलेल्या उसामुळे चालकास मागचे दिसत नाही, इंजिनच्या आवाजात हॉर्न ऐकू येत नाही, ट्रॉलीबाहेर आलेला ऊस फट अरुंद करतो. वळणावर मागची ट्रॉली ट्रॅक्टरच्या चाकोरीतून न जाता आत कापत येते. दिसत असलेली जागा दुचाकी मध्यावर पोहोचेपर्यंत नाहीशी झालेली असते. बर्कलीच्या आकडेवारीत या वाहनास स्थान नाही.

न्यू साउथ वेल्समध्ये जुलै २०१४ पासून फटीतून जाण्यास अनुमती मिळाली ती ताशी ३० कि.मी. च्या मर्यादेत, आणि अवजड वाहनांजवळ ते टाळावे या सल्ल्यासह. भारतात २०२२ मध्ये रस्ते अपघातांत १,६८,४९१ व्यक्ती मृत्युमुखी पडल्या. त्यांत दुचाकीवरील ४४.५ टक्के होत्या. त्यांपैकी किती जण असे फटीत सापडले, हे या आकड्यावरून सांगता येत नाही. कॅलिफोर्नियात महामार्ग पोलिसांनी अपघातसमयी स्वार फटीतून जात होता काय, याची स्वतंत्र नोंद ठेवली म्हणूनच तो अभ्यास शक्य झाला. कोल्हापुरात एका गळीत हंगामापुरती अशी नोंद, लगतच्या वाहनाचा प्रकार व अंदाजे वेग यांसह, ठेवणे हे महाविद्यालयीन संशोधन प्रकल्पाच्या आवाक्यातील काम आहे.