उष्णतारोधक लेपांचे मूल्यमापन : तापमान की तापचक्र?

प्रस्तावना :
वायू टर्बाइनच्या पात्यांवरील उष्णतारोधक लेप हा आळंदी-चाकणसारख्या औद्योगिक पट्ट्यालगतच्या अभियांत्रिकी महाविद्यालयांना सहज आकर्षित करणारा विषय आहे. मात्र अशा अभ्यासांत बहुधा एकच प्रश्न विचारला जातो : लेप किती तापमान सहन करतो? हा प्रश्न अपुरा कसा आहे, याची मीमांसा प्रस्तुत लेखात केली आहे.

लेपाचे कार्य :
पात्यांसाठी वापरल्या जाणाऱ्या निकेलच्या मिश्रधातू सुमारे १३०० ते १३५० अंश सेल्सिअसला वितळू लागतात, तर आधुनिक टर्बाइनमधील वायू त्याहून तप्त असतो. म्हणून पाते आतून हवेने थंड ठेवतात आणि बाहेरून १०० ते ३०० मायक्रॉन जाडीचा झिरकोनियाचा लेप देतात. या दोहोंच्या योगाने धातूचे तापमान १०० ते ३०० अंशांनी कमी राहते. आतील शीतन नसेल, तर काही वेळात लेप आणि धातू एकाच तापमानाला येतात. बंद भट्टीत तापवलेल्या नमुन्याची स्थिती नेमकी हीच असते. तेथे लेपाची रोधकता मुळी तपासलीच जात नाही.

निकामी होण्याची कारणे :
झिरकोनिया सुमारे २७०० अंशांपर्यंत वितळत नाही; तरीही लेप त्यापूर्वीच निखळतो. लेपाखालील बंधक थरावर ॲल्युमिनाचा पापुद्रा हळूहळू वाढत जातो. यंत्र थंड होताना धातू सर्वाधिक, झिरकोनिया त्याहून कमी आणि ॲल्युमिना सर्वांत कमी आकुंचन पावते. या विषमतेचा ताण प्रत्येक तापचक्रात नव्याने पडतो आणि अखेरीस त्या सांध्यात तडा जातो. शिवाय १२०० अंशांपुढे लेप दाट होत जातो आणि त्याची लवचीकता घटते.

या संदर्भात नासाच्या लुइस संशोधन केंद्रातील १९७० च्या दशकातील कार्य उद्बोधक आहे. इट्रियाचे प्रमाण वाढवून झिरकोनिया पूर्णतः स्थिर केल्यास लेप अधिक टिकावा, असे तर्काने वाटत होते. प्रत्यक्षात आळीपाळीने तापवून-थंड करून घेतलेल्या चाचण्यांत केवळ ६ ते ८ टक्के इट्रिया असलेला, अंशतः स्थिर लेपच सरस ठरला. आजही हेच प्रमाण प्रचलित आहे. स्थिर तापमानाच्या विचारातून हा निष्कर्ष निघाला नसता.

महाराष्ट्राचा संदर्भ :
दाभोळ येथील वायू-आधारित प्रकल्प २००१ मध्ये बंद पडला. २००५ मध्ये स्थापन झालेल्या रत्नागिरी गॅस अँड पॉवर कंपनीने तो पुढे चालू केला. परंतु वायूच्या टंचाईमुळे २०१३ मध्ये वीजनिर्मिती पुन्हा थांबली आणि २०१५ मध्ये रेल्वेच्या पुरवठ्यासाठी ती अंशतः सुरू झाली. इंधनाच्या उपलब्धतेनुसार थांबणाऱ्या आणि सुरू होणाऱ्या केंद्रात लेपाचे आयुष्य केवळ तासांत मोजणे दिशाभूल करणारे ठरते. किती वेळा यंत्र थंड झाले, हेही मोजावे लागते. कोकण किनाऱ्यावर हवेतील क्षारांचा विचारही टाळता येत नाही. कारण सोडियमयुक्त क्षार आणि गंधक यांच्या संयोगाने बंधक थराचे क्षरण वाढते.

समारोप :
भट्टीतील अभ्यास निरुपयोगी आहे, असे येथे सुचवायचे नाही. ॲल्युमिनाच्या पापुद्र्याची वाढ त्यातून उत्तम कळते. परंतु त्या आधारे 'लेप उच्च तापमानात समाधानकारक आढळला' असा निष्कर्ष काढणे शास्त्रीयदृष्ट्या सदोष होय. नमुना ५० मिनिटे तापवणे, १० मिनिटे दाबाच्या हवेने थंड करणे आणि लेपाचा ठरावीक हिस्सा निखळेपर्यंतची चक्रे मोजणे, एवढी व्यवस्था सामान्य प्रयोगशाळेतही करता येते. आळंदीच्या परिसरात त्यासाठी लागणारे कारागीर आणि कार्यशाळा जवळच आहेत. अडचण साधनांची नसून प्रश्न योग्य रीतीने मांडण्याची आहे.