ब्रूमफिल्डसाहेबांचं पुढचं काम

इंग्रजांचे सिनेमे आणि मालिका मला आवडतात. सत्याग्रहाच्या या गावात राहून असं म्हणायला थोडं धाडस लागतं, पण आवडतात. आमच्या ह्यांना इथल्या साखर कारखान्यात नोकरी लागली म्हणून सांगलीकडून आम्ही बारडोलीला आलो. जैनाचं घर, सूर्यास्ताआधी जेवणं उरकलेली. ओटा पुसून झाला की पुढची रात्र केवढी तरी मोठी. ती मी बरीचशी इंग्रजांच्या घरांत घालवली आहे.

त्यांच्या मालिकांतली माणसं ओरडत नाहीत. समोरच्याचा पाणउतारा करायचा तोही चहात साखर किती, असं विचारता विचारता. 'डाउन्टन ॲबी'त मॅगी स्मिथ नुसती मान वळवते, आणि ज्या कामाला आपल्याकडे तीनदा वीज कडकडावी लागते ते काम होऊन जातं. नटांना घाई नसते. स्वयंपाकघरातली पोरगीसुद्धा पूर्ण माणूस असते. तिला राग असतो, हेवा असतो, सुट्टीच्या दिवसाचे बेत असतात. हे मी मनापासून मानते.

पण हेच लोक कॅमेरा घेऊन हिंदुस्थानात उतरले की त्यांची नजर एकाच ठिकाणी अडकते: गोऱ्या माणसाच्या सदसद्विवेकबुद्धीवर. त्याला बरं वाटलं का, वाईट वाटलं का, तो रात्री झोपला का! त्यासाठी त्यांना एक क्लब लागतो आणि एक कचेरी लागते. डेव्हिड लीनच्या 'अ पॅसेज टू इंडिया'त (१९८४) डॉ. अझीजवर खटला चालतो, आणि खटल्याचा सगळा भार एका इंग्रज मुलीच्या मनात काय खळबळ चालली आहे यावर. अझीज आरोपीच्या पिंजऱ्यात, नाटक तिच्या चेहऱ्यावर. त्याच सिनेमात प्रोफेसर गोडबोले आहेत. गोडबोले! आपले दक्षिणी ब्राह्मण. ते काम केलंय ॲलेक गिनेसनं, चेहऱ्याला रंग फासून. मोठा नट, वादच नाही. पण दोनच वर्षांपूर्वी 'गांधी'त डॉ. श्रीराम लागू गोखले म्हणून उभे राहिले होते. लीनसाहेबांनी तो सिनेमा बघितला नव्हता की काय, कोण जाणे.

त्याच वर्षीची 'द ज्युएल इन द क्राउन' ही चौदा भागांची मालिका मात्र मी या सगळ्यांच्या वर ठेवते. पोलीस अधिकारी मेरिक हा काही वाट चुकलेला भला माणूस नाही. त्याला सत्तेचीच चटक आहे, आणि मालिका ते झाकत नाही. टिम पिगॉट-स्मिथला बघताना अंगावर काटा येतो. तरी पण त्यातही हिंदुस्थानी माणूस दुखावलेला दिसतो, लुबाडलेला दिसत नाही. अपमान दाखवतात. हिशेब दाखवत नाहीत.

आता 'गांधी'. रिचर्ड ॲटनबरोच्या या सिनेमात आपलंही पुष्कळ आहे. रोहिणी हट्टंगडींची कस्तुरबा, जिला इंग्रजांनी आपलं बाफ्टा दिलं. आणि कोल्हापूरच्या भानू अथैयांचे कपडे, ज्यांना ऑस्कर मिळालं. बेन किंग्जलेचं काय सांगू, आमच्या शेजारच्या बा त्याला हात जोडायच्या. मला त्यातला सगळ्यात उत्तम वाटतो तो १९२२ सालचा अहमदाबादचा खटला. गांधीजी आत येतात आणि न्यायमूर्ती ब्रूमफिल्ड खुर्चीतून उठून उभे राहतात. ट्रेव्हर हॉवर्डनं हे काम इतकं आवरून केलंय की त्या उठण्यातच सगळं येतं. सहा वर्षांची शिक्षा सुनावणारा माणूस, आणि शिक्षा आपल्यालाच झाल्यासारखा चेहरा.

मग सिनेमा उडी मारतो. पोरबंदरचा समुद्र, अमेरिकन बातमीदार, आणि पुढे १९३० सालची दांडी.

या उडीखाली बारडोली आहे.

१९२७ साली मुंबई सरकारनं या तालुक्याचा शेतसारा सुमारे २२ टक्क्यांनी वाढवला. १३७ गावं, जेमतेम ८७ हजार वस्ती. वल्लभभाईंनी सारा न भरण्याची शपथ दिली आणि १९२८ सालच्या फेब्रुवारी ते ऑगस्ट गावांनी ती पाळली. जप्तीवाले आले की ढोल वाजायचे, दारं बंद व्हायची. म्हशी जप्त होऊ नयेत म्हणून माणसं गुरांसकट घरात कोंडून घ्यायची. सरकारनं जप्तीसाठी पठाण आणले. पटेल-तलाठ्यांनी राजीनामे दिले. एवढं सगळं आयतं मिळालं असताना यात नाटक नाही, असं कोण म्हणेल? बायका आत, म्हैस आत, बाहेर पठाण, आणि उन्हाळा सुरतेकडचा!

पण खरी गंमत पुढेच आहे. तडजोड झाली आणि वाढीची चौकशी करायला सरकारनं दोन अधिकारी नेमले, महसुलाचे मॅक्सवेल आणि न्यायखात्याचे ब्रूमफिल्ड. तेच ब्रूमफिल्ड! ज्यांना ॲटनबरो खुर्चीतून उठवतो, ते सहा वर्षांनी खरोखर उठून आमच्या गावांत आले. गावोगाव फिरले, शेतकऱ्यांना खंडाचे आकडे विचारले. आणि त्यांना आढळलं की ज्या आकड्यांवर ही वाढ बसवली होती ते गावात जाऊन धड तपासलेलेच नव्हते. २२ टक्क्यांची वाढ त्यांनी ६.०३ टक्क्यांवर आणली.

माझी तक्रार इथे आहे. सिनेमानं निवडलेला ब्रूमफिल्ड आदरानं वाकतो आणि तरीही शिक्षा देतो. त्याच्या भल्या मनामुळे कुणाचा एक आणाही वाचत नाही. दुसरा ब्रूमफिल्ड कागद तपासतो, सरकारच चुकलं असं लिहितो, आणि पैसे वाचतात. मला विचाराल तर इंग्रजाच्या न्यायबुद्धीचं हे जास्त मोठं चित्र आहे. पण ते दाखवायचं तर मुळात चूक काय होती तेही दाखवावं लागतं: सारा कसा ठरे, कोण ठरवी, कुणाच्या सहीनं. उठून उभं राहणं दाखवायला तेवढं खोल जावं लागत नाही.

कुणी म्हणेल, साऱ्याचे आकडे काय पडद्यावर बघायचे? मग 'डाउन्टन ॲबी' काय आहे? दागिने आणि टोप्या बाजूला केल्या की ती मालिका जमिनीचीच आहे. वारसा कुणाकडे जाणार, मृत्यूकर कसा भरायचा, कुळांचं काय करायचं. एका भागात कुळाचा बाप मरतो, खंड थकलेला असतो, तर लॉर्ड ग्रँथम ती बाकी फेडायला ५० पौंड गुपचूप उसने देतो. मला फार आवडला तो भाग. थकबाकी म्हणजे काय, ती माणसाला कशी वाकवते, हे त्यांना उत्तम कळतं. फक्त ते यॉर्कशायरचं असावं लागतं. त्याच मालिकेत रोझचा बाप कफल्लक होतो आणि मुंबईला नेमणूक घेऊन जातो. मुंबई म्हणजे तिथे दुरून येणाऱ्या पत्राचं नाव. बारडोली त्याच मुंबई इलाख्यात होती.

आणि २०२२ साली आलेला त्यांचा दुसरा सिनेमा कुठल्या सालात घडतो? १९२८! घरात मूकपटाचं चित्रीकरण चालू आहे, त्याचा बोलपट करायची धांदल उडालीय, अर्धं कुटुंब फ्रान्सच्या किनाऱ्यावर बंगला बघायला गेलंय. मजेत बघितला मी, हसलेसुद्धा. मधेच मनात आलं, या घटकेला आमच्या गावात म्हशी आत आहेत.

तो चौकशीचा सिनेमा कुणीतरी काढावा. चौदा भाग नकोत, सहा पुरेत. शेतकऱ्यांच्या बाजूनं उभे राहिलेले भुलाभाई देसाई, कागदांच्या थप्प्या घेऊन बसलेले महादेवभाई आणि नरहरी परीख, समोर गुजराती पुरतं न कळणारे दोन साहेब. एकही गोळी नाही, एकही भाषण नाही. ट्रेव्हर हॉवर्ड १९८८ सालीच गेला. ब्रूमफिल्डसाठी त्यांच्याकडे नटांना तोटा नाही. पण ही साऱ्याची वाढ पहिल्यांदा ज्यांनी सुचवली, तीही ३० टक्क्यांपर्यंत, ते अधिकारी होते एम. एस. जयकर. आडनावावरून आपलेच. ते काम मात्र मराठी नटालाच द्यावं, आणि चांगल्या नटाला.