अर्धा वाचलेला अहवाल

रझाकार चळवळ आणि सप्टेंबर १९४८ ची पोलीस कारवाई यांवर मराठीत आणि उर्दूत पुष्कळ लिहिले गेले आहे. दोन्हींकडचे लेखन शेजारी ठेवले, की हे एकाच हैदराबाद संस्थानाविषयी आहे काय, असा प्रश्न पडतो. मराठी लेखन बहुधा रझाकारांच्या जुलमापासून सुरू होते आणि १७ सप्टेंबरला निजामाच्या शरणागतीपाशी थांबते. आपल्याकडचे लेखन बहादूर यार जंगांच्या वक्तृत्वात रमते, लातूरचे वकील कासिम रझवी यांची कारकीर्द दोन ओळींत उरकते आणि कारवाईनंतरच्या कत्तलींवर येते.

इथे आपला मोठा आधार म्हणजे सुंदरलाल समितीचा अहवाल. पंडित सुंदरलाल, काझी अब्दुल गफ्फार आणि मौलाना अब्दुल्ला मिस्री यांनी १९४८ च्या अखेरीस संस्थानात फिरून तो तयार केला. कमीत कमी २७ ते ४० हजार माणसे मारली गेली, असा त्यांचा अंदाज. उस्मानाबाद, गुलबर्गा, बीदर आणि नांदेड या जिल्ह्यांना सर्वाधिक झळ बसली. सरकारने हा अहवाल कित्येक दशके प्रसिद्ध केला नाही. मुक्तिसंग्रामावर लिहिताना त्याचे नावही न घेणारे लेखक सत्याचा अर्धा भाग गाळतात, यात शंका नाही.

परंतु आपणही तो अर्धाच वाचतो. रझाकार गावोगावी दरमहा खंडणी बसवीत आणि विरोध झाला तर लूट, जाळपोळ, खून होत, हे त्याच अहवालात आहे. हिंदू विणकरांनी जीव धोक्यात घालून मुसलमान विणकरांना वाचवले, हेही त्यातच आहे. साक्षीदाराने दिलेला आकडा स्वीकारायचा आणि त्याची उरलेली साक्ष दडवायची, याला इतिहासलेखन म्हणता येत नाही. ती वकिली झाली.

या वकिलीत आपलेच नुकसान आहे. ‘इमरोज’ या उर्दू दैनिकाचे संपादक शोएबुल्ला खान भारतात विलीनीकरणाच्या बाजूने लिहीत होते. ऑगस्ट १९४८ मध्ये हैदराबादेत त्यांचा खून झाला. मराठवाड्यात आजही मुसलमान पोराला ‘रझाकार’ म्हणून हिणवले जाते. त्याला देण्यासारखे उत्तर शोएबुल्लांच्या आयुष्यात आहे. पण रझाकारांचे गुन्हे गाळले, तर शोएबुल्लांची शहादत सांगणार कशी? मारेकऱ्यांना लपवणाऱ्या लेखनात शहीदालाही जागा उरत नाही.