दाखवणे आणि लपवणे

कलावंत स्वतःवरच पाळत ठेवू लागला, तर त्याला कला म्हणावे की बचाव? हसन एलाही यांच्या ‘ट्रॅकिंग ट्रान्झिअन्स’ या कलाकृतीचा विचार करताना हा प्रश्न टाळता येत नाही.

एलाही जन्माने बांगलादेशचे, वाढले अमेरिकेत. २००२ मध्ये परदेशातून परतताना डेट्रॉईटच्या विमानतळावर त्यांना अडवण्यात आले. फ्लोरिडातील टॅम्पा येथे भाड्याने घेतलेल्या गोदामाच्या खोलीत त्यांनी स्फोटके ठेवल्याचा संशय होता. १२ सप्टेंबर २००१ रोजी कुठे होता, या प्रश्नावर त्यांनी खिशातल्या छोट्या संगणकातील रोजनिशी उघडली : खोलीचे भाडे भरले, वर्ग घेतले. पुढे काही महिने एफबीआयची चौकशी चालली. खोटे पकडण्याच्या यंत्राच्या नऊ चाचण्या झाल्या. आरोप एकही ठेवला गेला नाही.

प्रवासाला निघण्यापूर्वी एलाही तपास अधिकाऱ्याला कळवू लागले. मग त्यांनी सगळेच जगापुढे मांडले. आपण या क्षणी कुठे आहोत ते उपग्रहाच्या नकाशावर बाणाने दाखवले. सोबत जेवणाच्या थाळ्या, हॉटेलातले पलंग, विमानतळ, शौचालये यांची हजारो छायाचित्रे आणि बँकेतल्या व्यवहारांच्या नोंदी दिल्या.

या छायाचित्रांत माणूस मात्र नाही. थाळी आहे, जेवणारा नाही. पलंग आहे, झोपणारा नाही. या कलाकृतीचे खरे बळ मला इथेच दिसते. पाळत ठेवणाऱ्याला माहितीचा ढीग मिळतो, पण त्या ढिगात माणूस सापडत नाही. एलाही सर्व काही दाखवतात आणि त्याच दाखवण्याच्या आड स्वतःला सुखरूप ठेवतात. गुप्तहेराची माहिती दुर्मीळ असते म्हणून मोलाची; ती फुकट वाटून टाकली की तिचे मोल उतरते, हा त्यांचा युक्तिवाद उपरोधिक असला तरी बिनतोड आहे.

तरीही एक शंका उरते. निर्दोषपणाचा पुरावा संशयितानेच द्यावा, ही व्यवस्थेची अट या कलाकृतीने मोडली की निमूटपणे मान्य केली? शिवाय एलाहींजवळ रोजनिशी होती, पावत्या होत्या, इंग्रजी होती, प्राध्यापकाची नोकरी होती. ज्याच्याजवळ यातले काहीच नाही, केवळ नाव आहे, त्याने काय दाखवावे? या माणसासाठी कलाकृतीत जागा नाही, ही तिची मर्यादा होय.

२००३ च्या सुमारास विक्षिप्त वाटलेली ही कृती आज कोट्यवधी लोक खिशातल्या फोनमार्फत नकळत करतात. फरक एवढाच, की एलाहींना आपल्याकडे कोण पाहत आहे याची जाणीव होती. ती जाणीवच त्यांच्या नोंदींना कलेच्या पदाला नेते. आपल्या नोंदी मात्र नुसत्याच साठत राहतात.