'औंध' शोधलं की काय सापडतं?

मंडळी, मोबाईलवर 'औंध' शोधलं की बहुधा पुण्याचं औंध आधी दिसतं. म्हणून आम्ही दोन संकेतस्थळं सुचवतो. पहिलं मराठी विश्वकोश. तो आपल्याच जिल्ह्यात, वाईला घडला. नोंदींखाली लेखकांची नावं असतात, त्यामुळं भरवसा वाटतो. पण वाचकाच्या हाती लेखणी नाही. दुसरं मराठी विकिपीडिया. तिथं लेखणी आपलीच, मात्र बिनआधाराचं लिखाणही टिकून राहतं. १९३९ साली औंध संस्थानानं कारभार गावकऱ्यांच्या हाती सोपवला. माहितीचा कारभारही आता तसाच आपल्याकडं आलाय. तेव्हा विश्वकोश वाचावा आणि विकिपीडियावर आधार देऊन लिहावं. आपण लिहिलं नाही, तर आपलं औंध पुण्याच्या औंधामागं झाकलेलंच राहणार.