नव्या सर्कशीचें नाट्य

सर्कस म्हणजे पोरासोरांनीं पाहावयाची करमणूक, हा ग्रह आमच्या सुशिक्षित वर्गांत इतका दृढ झाला आहे कीं, एखादा नाट्यरसिक तंबूच्या दारांत भेटलाच, तर "मुलांना घेऊन आलों" असा खुलासा तो न विचारतां करतो. ज्या प्रांतांतील विष्णुपंत छत्रे यांनीं १८८० सालीं मुंबईंत पहिली हिंदी सर्कस उभी केली, त्या प्रांताला हा संकोच शोभत नाहीं. असो. युरोपांत व ऑस्ट्रेलियांत गेल्या कांहीं दशकांत सर्कशीनें जो नवा अवतार धारण केला आहे, त्यांतलें काय पाहावें, हें या हिंवाळ्यांत तिकडे असणाऱ्या वाचकांसाठीं सांगावें, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतु आहे.

जुन्या सर्कशीचा पाया घोडा. १७६८ सालीं फिलिप ॲस्टले यानें लंडनमध्यें घोडेस्वारीचे खेळ सुरू केले. पुढें रिंगणाचा व्यास ४२ फूट ठरून गेला, तो धांवत्या घोड्याच्या पाठीवर उभ्या राहणाऱ्या स्वाराचा तोल पाहून. आमच्याकडे वाघ, सिंह व अस्वल तंबूंतून गेले ते १९९८ च्या सरकारी अधिसूचनेनें. नव्या सर्कशीनें मात्र जनावरें आपण होऊन सोडलीं, पुष्कळदां रिंगणहि सोडलें, आणि ती रंगभूमीवर आली. फ्रान्समध्यें शालों येथें १९८५ सालीं सर्कशीचें राष्ट्रीय विद्यालय निघालें. तेथील विद्यार्थ्यांना घेऊन नृत्यकार जोझेफ नाज यानें १९९५ सालीं बसविलेल्या प्रयोगापासून या कलेला नृत्यनाट्यांच्या पंक्तींत पाट मिळाला.

जुन्या सर्कशींत कसरत साधतांच खेळाडू हात पसरून टाळ्या मागतो. नव्या सर्कशींत ही मागणी बहुधा नसते. त्यामुळें एक उडी आणि दुसरी उडी यांच्या मध्यें जें घडतें—धाप, ढळलेला तोल, सोबत्याकडे टाकलेली नजर—त्यालाच बोलावें लागतें. तें जेथें बोलत नाहीं, तेथें जुनी सर्कस शतपटीनें बरी. निदान तेथें हत्तीच्या आठवणी तरी निघतात!

या कसोटीस आमच्या मतें सर्वांत खरा उतरणारा प्रयोग म्हणजे 'कोंपान्यी एक्सवाय' या फ्रेंच मंडळींचा 'मोबियस' (२०१९). रशीद उरामदान या नृत्यकाराच्या साह्यानें तो रचला आहे. रंगभूमीवर १९ माणसें, आणि उपकरण म्हणून कांहीं नाहीं. ज्वारीच्या शेतांवर हिंवाळ्यांत भोरड्यांचा थवा वळतो, फाटतो, पुन्हा मिळतो, तशी ही माणसें हलतात. कल्पनेचें मूळहि तशाच पक्ष्यांच्या थव्यांत आहे. दहीहंडी पाहिलेल्या मराठी माणसास माणसावर माणूस चढणें नवें नाहीं. पण हंडीचे थर वर पोहोंचण्यासाठीं असतात. हंडी फुटली कीं त्यांचें काम संपलें. येथें पडणें हाच विषय आहे. खांद्यावर खांदा असा माणसांचा खांब सावकाश एका अंगास कलतो, वरचा आपलें शरीर सोडून देतो, आणि तो जेथें पडावयाचा तेथें हात आधींच येऊन थांबलेले असतात. कोणी कोणास खूण केल्याचें दिसत नाहीं. शब्द उच्चारल्यावांचून परस्परविश्वासावर इतकें बोलणारें नाटक आमच्या पाहण्यांत दुसरें नाहीं.

अगदीं निराळ्या रसाचा 'स्मॅश्ड' (२०१०). लंडनच्या गॅन्डिनी मंडळींनीं तो पिना बाउश या थोर जर्मन नृत्यरचनाकर्त्रीस अर्पण केलेला आहे. ती आदल्याच वर्षीं निवर्तली होती. सात पुरुष, दोन स्त्रिया, ८० सफरचंदें आणि चहाचीं भांडीं. फळें झेलतां झेलतां पुरुष स्त्रियांशीं सलगी करूं लागतात. प्रथम हसूं येतें. मग आपण कशास हसलों याची लाज वाटते. हात तालांत गुंतलेले असल्यामुळें दुसऱ्याचा अपमान होतो तोहि तालांतच, हें यांतलें मर्म. शेवटीं भांडीं फुटतात व रंगभूमीवर फळांचा चिखल होतो. याच मंडळींचा 'सिग्मा' (२०१७) भरतनाट्याशीं चेंडूफेकीचें लग्न लावतो. तालाचा हिशेब सुंदर जुळतो, पण हिशेबापलीकडे तो फारसा जात नाहीं.

ब्रिस्बेनच्या 'सर्का' मंडळींचा 'ह्यूमन्स' केवळ एका प्रसंगासाठीं पाहावा: अचाट कसरती करणारे हे स्त्रीपुरुष स्वतःचें कोपर जिभेनें चाटूं पाहतात, आणि तें त्यांस साधत नाहीं!

धुराचे लोट सोडून खेळाडूच्या तोंडीं तत्त्वज्ञान घालणारे प्रयोगहि बरेच आहेत. ते टाळावेत. ज्यास पाठीनें कमान करतां येते त्यास व्याख्यान देतां येतेंच असें नाहीं.

लंडनमध्यें १९७७ सालीं सुरू झालेला आंतरराष्ट्रीय मूकनाट्य-महोत्सव २०२३ मध्यें थांबला. त्याच्या जागीं २०२४ पासून 'माइम लंडन' या नांवानें हिंवाळ्यांत असे प्रयोग होऊं लागले. ज्यांस जुन्या-नव्याची तुलना करावयाची असेल, त्यांनीं पॅरिसमधील १८५२ सालची हिंवाळी सर्कस, 'सर्क दिव्हेर', अवश्य पाहावी. वरील प्रयोग गांवोगांव फिरतात. जाहिरात दिसतांच तिकीट काढावें. मात्र 'मोबियस' पुढच्या रांगेंतून पाहूं नये. थव्याची आकृति सज्ज्यांतूनच दिसते. 'स्मॅश्ड' साठीं जवळची जागा घ्यावी, म्हणजे चिरडलेल्या सफरचंदांचा वास आपणांपर्यंत पोहोंचेल.