पोहोचवायला आलेली माणसं

बंद पडलेल्या मालिकेचे न दाखवलेले भाग मराठी प्रेक्षकाच्या वाट्याला क्वचितच येतात. दूरदर्शनच्या काळात तेरा भागांची मंजुरी मिळायची, जास्तीचे भाग सहसा बनत नसत. आजच्या रोजच्या मालिकांचं चित्रीकरण प्रक्षेपणाच्या थोडंसंच पुढे असतं, आणि निरोप द्यायचा ठरला की कथेचे धागे घाईने बांधून टाकतात. अमेरिकेत मात्र तयार भाग तसेच पडून राहतात. ‘फायरफ्लाय’ या मालिकेचं तेच झालं. फॉक्स वाहिनीने ती २० सप्टेंबर २००२ रोजी सुरू केली, कथेचा पहिला भाग सर्वांत शेवटी, २० डिसेंबरला दाखवला, आणि १४ पैकी ३ भाग दाखवलेच नाहीत. ते पुढच्या वर्षी डीव्हीडीवर आले. त्यांतला ‘द मेसेज’ मला फार मोलाचा वाटतो.

मालवाहू अंतराळयानाचा कप्तान मॅल आणि त्याची सहकारी झोई यांच्या नावाने टपालाने एक पेटी येते. आत त्यांच्या जुन्या पलटणीतला पोरगा, ट्रेसी. सोबत त्याच्या आवाजातला निरोप : मला घरी पोहोचवा. पुढे कळतं की तो मेलेलाच नाही. शरीरात चोरटा माल दडवून मेल्याचं सोंग घेतलंय. मग भीतीपोटी तो यानावरच्या केली या तरुणीवर बंदूक रोखतो आणि मॅलच्याच गोळीने खरोखर मरतो. शेवटी ते त्याला बर्फातल्या घरी नेतात. तोच निरोप पुन्हा ऐकू येतो.

शब्द तेच, पहिल्यांदा ती थाप होती, आता खरं झालंय. लेखक जॉस व्हीडन आणि टिम मिनिअर यांनी एक अक्षरही बदललेलं नाही. ऐकणाऱ्याच्या कानातच सगळा बदल होतो, आणि ही लेखणीची ताकद मला थक्क करते. यानावरच्या दांडगट जेनला याच भागात आईने विणलेली टोपी टपालाने येते. ती वेडीवाकडी टोपी तो अभिमानाने घालतो. म्हणजे एकाच टपालात एका आईची माया आली आणि दुसऱ्या आईकडे जायचं प्रेत.

बीड जिल्ह्यात बसून हे पाहताना ते परग्रहावरचं राहत नाही. दसरा-दिवाळीच्या सुमारास इथली कोयत्याची जोडपी मुकादमाची उचल घेऊन पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात ऊसतोडीला जातात. फडावर कुणी दगावलं तर गावाकडे न्यायचं कुणी, गाडीचं भाडं कुणी भरायचं, दारात उभ्या म्हातारीला पहिला शब्द कुणी सांगायचा, हे प्रश्न धारूर-वडवणीच्या माणसाला समजावून द्यावे लागत नाहीत. मॅलने गोळी घातली, तरी पोहोचवायची जबाबदारी त्यानेच घेतली. इथला प्रेक्षक त्याला त्याच एका गोष्टीवर जोखेल, आणि मला ते बरोबर वाटतं.

हा भाग सर्वांत शेवटी चित्रित झाला. मालिका बंद होणार हे चित्रीकरण चालू असतानाच कलाकारांना समजलं होतं, आणि संगीतकार ग्रेग एडमन्सनने शेवटची धून मालिकेचाच निरोप म्हणून बांधली. म्हणून अनेक चाहते हा भाग अखेरचा म्हणून पाहतात. माझा आग्रह वेगळा आहे. डीव्हीडीच्या क्रमात तो बारावा आहे, तिथेच पाहावा. पेटी उतरवून झाल्यावर यानाला पुढचं काम शोधावंच लागतं. अजून दोन भाग बाकी असतात.